शब्दचर्चा: खेळातलं ‘स्प्रिंग’ म्हणजे झरा, कुंड, कोंड की तीर्थ?

खाजणकाठ:
‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (निन्टेंडो, २०१७) या झेल्डा मालिकेतल्या व्हिडिओ खेळाचा मराठी वॉकथ्रू (खेळ पार करायचं पायरीवार मार्गदर्शन) करताना तीन नावांवर घोडं अडलंय: स्प्रिंग ऑफ करेज, स्प्रिंग ऑफ पॉवर, स्प्रिंग ऑफ विस्डम. कोशात बघावं तर ‘झरा’. पण ‘धैर्याचा झरा’ म्हटलं की श्रावणात सड्याच्या कडेला फुटणारा आणि शिमग्याआधी आटणारा झरा डोळ्यांपुढे येतो. शिवाय ‘मायेचा झरा’, ‘प्रेमाचा झरा’ लिहून लिहून त्या शब्दाचा रस आधीच गेलाय. दुसरं काही सुचवा.

सडा:
आधी जागा बघू, शब्द मागून. तिन्ही ठिकाणी उथळ पाणी आणि पाण्यापलीकडे हायलिया देवीची दगडी मूर्ती. करेजची जागा फॅरॉनच्या जंगलात, दगडी सर्पाच्या जबड्यातून आत गेल्यावर. पॉवरची अक्कालात. विस्डमची लानायरू पर्वताच्या माथ्यावर, बर्फात. पाणी कुठून फुटतं याकडे खेळाडूचं लक्षही जात नाही. तो मूर्तीपुढे पाण्यात उभा राहतो, काहीतरी अर्पण करतो आणि मूर्तीमागची वाट उघडते.

याला आपल्याकडे कुंड म्हणतात. राजापूरच्या गंगेचं उदाहरण घ्या. तिथे चौदा कुंडं आहेत. गंगा येते, काही दिवस राहते, जाते. गंगा गेली तरी कुंडं आहेत तिथेच, कोरडी. म्हणजे पाण्याचं नाव गंगा आणि बांधलेल्या जागेचं नाव कुंड, असे दोन वेगळे शब्द लोकांनी ठेवलेत. इंग्रजी स्प्रिंग पाण्याचं नाव आहे. खेळातलं नाव मात्र बांधलेल्या जागेचं आहे. अडचण तिथून सुरू होते.

व्हाळ:
कुंड बरोबर, पण ‘शक्तिकुंड’ कानाला कसं लागतं? होमकुंड, यज्ञकुंड, अग्निकुंड. पाण्याऐवजी धूर दिसतो. त्यापेक्षा ‘कोंड’ का नको? नदीतल्या खोल डोहाला कोंड म्हणतात. महाडजवळ वाळणकोंडीत तर देवीच्या नावाने मासे राखलेले आहेत, कोणी पकडत नाही. पवित्र पाण्याला याहून जवळचा शब्द नाही.

सडा:
दोन अडचणी. कोंड म्हटलं की खोली आली, इथे तर खेळाचा नायक लिंक मजेत उभा राहतो. आणि रत्नागिरीकडे कोंड म्हणजे वाडी. नकाशावर ‘धैर्यकोंड’ वाचून तिकडचा माणूस एसटीचा थांबा शोधेल.

सुरंगी:
‘तीर्थ’चा विचार कोणीच केला नाही? अर्थाने तोच नेमका आहे. मुळात तीर्थ म्हणजे पाण्यात उतरायची जागा, उतार. पुढे ते यात्रेचं ठिकाण झालं, आणि पळीतून तळहातावर मिळतं तेही तीर्थ.

व्हाळ:
आणि शनिवारी संध्याकाळी मिळतं तेही तीर्थच. शिवाय ‘धैर्यतीर्थ’ हे एखाद्या स्वामींचं नाव वाटतं.

सुरंगी:
हे मान्य. मग ‘तळी’?

सडा:
देवळापुढची तळी ऐसपैस असते, ही जागा तेवढी नाही. आणि घाटावरच्या वाचकाला तळी म्हटलं की खंडोबाची तळी, म्हणजे ताम्हण. तो तळी उचलायला जाईल.

खाजणकाठ:
मूळ जपानीत काय आहे? इंग्रजीवरून भाषांतर म्हणजे भाषांतराचं भाषांतर.

सुरंगी:
जपानीत ‘इझुमी’. गंमत अशी की खेळातल्या मोठ्या परीच्या जागेलाही जपानीत इझुमीच आहे. इंग्रजीने एकीला स्प्रिंग केलं, दुसरीला फाउंटन. तुम्ही फाउंटनचं ‘कारंजं’ केलं असेल तर आत्ताच बदला. तिथे कारंजं उडत नाही, मोठ्या कळीतून परी वर येते. दोन्हीकडे कुंड ठेवलं, ‘परीकुंड’ आणि ‘धैर्यकुंड’, तर जपानीतलं नातं आपोआप परत येतं. धुराच्या शंकेवर उपाय: पहिल्या उल्लेखात ‘देवीचं धैर्यकुंड’ लिहा आणि लगेच पाणी आणा. वाक्यात पाणी असलं की होम दिसत नाही. ‘जलकुंड’ मात्र करू नका, नगरपालिकेची टाकी वाटते.

खाजणकाठ:
विस्डमसाठी बुद्धी की प्रज्ञा?

सुरंगी:
प्रज्ञा. बुद्धी परीक्षेत मार्क मिळवते. आणि समासात पूर्वपद ऱ्हस्व: सुटं ‘शक्ती’, पण ‘शक्तिकुंड’. नकाशावर आणि मजकुरात दोन वेगवेगळी रूपं गेली तर शोधताना सापडणार नाही.

व्हाळ:
कुंडाच्या बाजूने अजून एक मुद्दा, हा निव्वळ टंकलेखनाचा. ‘झरा’ घेतला असता तर प्रत्येक विभक्तीला ‘झऱ्याशी’, ‘झऱ्यावर’ आलं असतं. इथे र नाही, ऱ लागतो, इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे. साधा र दाबला की रफार होऊन ‘झर्या’ उमटतं. दर्या आणि दऱ्या यांत जो फरक, तोच. किनाऱ्यावरच्या माणसाला तो समजावायला नको, पण सगळे फॉन्ट तो नीट दाखवत नाहीत.

दुसरं: ठिकाणाच्या नावाला यंत्राने ‘ला’ चिकटवून वाक्य बनवू नका. ‘धैर्यकुंडला पोहोचलात’ चूक आहे, ‘धैर्यकुंडाला’ हवं. सामान्यरूप यंत्राला कळत नाही. साचा असा ठेवा: ‘ठिकाण सापडलं: धैर्यकुंड’. नाव प्रथमेत राहतं, भानगड मिटते.

खाजणकाठ:
आता क्रियापद. ड्रॅगनचा खवला कुंडात ‘टाका’ लिहिलंय.

सडा:
टाकतात कचरा. आपल्याकडे फुलं वाहतात, दिवा पाण्यात सोडतात, नैवेद्य दाखवतात, नवस फेडतात. नारळीपौर्णिमेला दर्यात नारळ कोणी ‘टाकत’ नाही. इथे ‘खवला पाण्यात सोडा’ म्हणा. सूचना म्हणूनही ते नेमकं आहे: सामानातून खवला हातात घ्यायचा, मूर्तीसमोर पाण्यात उभं राहायचं, सोडायचा. ‘वाहा’ वाचून कोणी तो मूर्तीच्या पायाशी दगडावर ठेवत बसेल.

कुठे कोणाचा हेही त्याच ओळीत द्या, कारण लोक तिथेच चुकतात. धैर्यकुंडात फारोश या ड्रॅगनचा खवला, शक्तिकुंडात डिनरालचा, प्रज्ञाकुंडात नेड्राचा. खवल्यासाठी बाण ड्रॅगनच्या अंगावर बसला पाहिजे. पायाला लागला तर नख मिळतं, शिंगाला लागला तर शिंगाचा तुकडा. नेड्राच्या बाबतीत आधी तिच्या अंगावरचे दुष्ट डोळे बाणांनी फोडावे लागतात, आणि माथ्यावरच्या थंडीसाठी दुप्पट थंडीरोधक कपडे किंवा तसं जेवण लागतं. ‘नख’ आणि ‘खवला’ यांची गल्लत करू नका. ‘टियर्स ऑफ द किंग्डम’मध्ये (२०२३) याच कुंडांवर नखं लागतात.

सुरंगी:
राजकुमारी झेल्डा या कुंडांत उभी राहून प्रार्थना करते, त्याला मसुद्यात ‘गाऱ्हाणं घालते’ आहे. शब्द गोड, पण गाऱ्हाणं गावातर्फे मानकरी किंवा गुरव घालतो, मागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारी माणसं असतात. ती एकटी आहे आणि मागणं तिचं स्वतःचं आहे. ‘प्रार्थना’च राहू दे.

खाजणकाठ:
ठरलं. राहिलं एकच, हॉट स्प्रिंग. तिथे पाण्यात बसलं की हृदयं (खेळाडूच्या जिवाची मापं) हळूहळू भरतात.

व्हाळ:
त्याला शब्द शोधायची गरजच नाही. उन्हाळे. राजापूरच्या गंगेच्या गावाचं नावच ते आहे, दापोलीकडे उन्हवरे. फक्त उन्हाळा ऋतूशी गोंधळ नको म्हणून पहिल्यांदा ‘गरम पाण्याचं उन्हाळं’ लिहा, पुढे नुसतं उन्हाळं.