मदत हवी आहे: रशियन रिव्हरवर कयाक, सोबत पोहता न येणारी आई

जुलैत भावाकडे सँटा रोझाला (सोनोमा काउंटी, कॅलिफोर्निया) जातोय. सोबत आई, वय पासष्टच्या पुढे, चालण्यात आम्हाला मागे टाकते पण उतारावर गुडघा दुखतो, आणि बारा वर्षांची मुलगी. वायनरी फिरण्यात कुणालाच फारसा रस नाही.

सायकलिंगचं ठरलंय: जो रोडोटा ट्रेल, सेबॅस्टोपोलपर्यंत साधारण 8.5 मैल, पक्का आणि जवळजवळ सपाट. आर्मस्ट्राँगच्या रेडवुड जंगलातही सपाट वाट आहे, त्यामुळे आईचा प्रश्न मिटला.

अडलंय ते नदीपाशी. हील्ड्सबर्गपासून प्रवाहाच्या दिशेने कयाकने जायचा विचार आहे. भाऊ म्हणतो, "पाणी संथ असतं, काही होत नाही." पण त्याने स्वतः वल्हं कधी हातात धरलेलं नाही! मुलीला पोहता येतं, आईला नाही. लाइफ जॅकेट सगळेच घालणार. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे ते सक्तीचंच आहे. गाडी एकच, म्हणजे परतीला शटल हवी. गाइडसोबतची टूर नको, आईला घाई केलेली चालत नाही.

जुलैत त्या पट्ट्यात पाणी इतकं उथळ होतं का, की मध्येच उतरून कयाक ओढावी लागते? आणि आईला दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवून अर्ध्या दिवसात संपेल असा कुठला टप्पा आहे?