विषय: जपानच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला जातोय, कुणी केलंय का हे काम?

नमस्कार मंडळी,
मी सिडकोतला, नाशिकचाच. जेट प्रोग्राममधून (परदेशी लोकांना जपानच्या शाळांत नेमणारी तिथली सरकारी योजना) असिस्टंट लँग्वेज टीचर म्हणून सिलेक्शन झालंय, ज्युनिअर हायस्कूल मिळेल बहुतेक. दिवसभर नक्की काम काय असतं? आणि आम्ही घरी सगळे शाकाहारी, तिथे जेवणाचं काय? आई रोज विचारतेय चिवडा किती किलो देऊ.

---

अरे वा, मनापासून अभिनंदन! मी हेच काम तीन वर्षं केलंय, क्युशूमधल्या एका छोट्या गावात, आता परत कॉलेज रोडला. काँट्रॅक्ट एकेक वर्षाचं असतं, जास्तीत जास्त 5 वर्षं.

वर्ग तुझा नसतो हे आधी मनाशी पक्कं कर. वर्ग जपानी शिक्षकांचा, तू जोडीला, धडा मोठ्याने वाचायचा, संवाद करून दाखवायचे, वह्या तपासायच्या. प्राथमिकलाही पाठवतील, 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय आहे, वर्षाला 70 तास.

पहिले दोन महिने मला फार जड गेले. प्रश्न विचारला की सगळी पोरं माना खाली घालायची आणि मी तास संपला की शिक्षकांच्या खोलीत जाऊन टेबलाला चिकटून बसायचे. त्यांना येत नव्हतं असं नाही रे, सगळ्यांसमोर चुकायची भीती.

मग मी सोजीला जायला लागले. सोजी म्हणजे साफसफाई, रोज पंधरा-वीस मिनिटं पोरंच वर्ग, जिने, संडास सगळं साफ करतात. मी फडकं घेऊन जिना पुसत होते तर वर्गात कधीच तोंड न उघडणारा एक मुलगा शेजारी येऊन म्हणाला, "इंडिया, स्टुडंट, क्लीन?" माझी आई दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवायची, तिथे आम्हीच वर्ग झाडायचो, ते मी त्याला अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यानंतर तो रोज एक वाक्य तयार करून जिन्यात माझी वाट बघायचा, कधी बेसबॉलबद्दल, कधी त्याच्या आजीबद्दल. मला विचारशील तर माझं खरं शिकवणं त्या जिन्यातच झालं.

आता जेवण. क्युशोकु म्हणजे शाळेचं जेवण, वर्गातच असतं, पोरंच पांढरे एप्रन-टोप्या घालून वाढतात, सगळ्यांना वाढून झालं की "इतादाकिमास" म्हणून एकदम सुरुवात, आपल्या पंगतीसारखं. पण नुसतं मिसो सूपसुद्धा बहुतेक वेळा माशाच्या दाशीत, म्हणजे मासे उकळून काढलेल्या पाण्यात केलेलं असतं आणि करीराइसमध्ये मांस, त्यामुळे जायच्या आधीच स्पष्ट कळव. मी परवानगी काढून घरचा डबा न्यायचे पण बसायचे पोरांमध्येच. डब्यासाठी एकटा वेगळा बसू नकोस, एवढं माझं ऐक.

---

काकू, खूप आभार! सोजीला पहिल्या दिवसापासून जाईन. शाळेत घालायला बूट वेगळे लागतात का?

---

हो, आत घालायचे वेगळे, उवाबाकी म्हणतात. तुझा पाय मोठा असेल तर इथूनच स्वच्छ जोड ने, तिथे मोठ्या मापाचे पटकन मिळत नाहीत.
आणि आईला सांग, चिवडा मोठ्या पिशवीत नको, मूठभर मूठभर छोट्या पाकिटांत बांधून दे. तिथे बाहेरून काही आणलं की प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायची पद्धत आहे. तिखट कमी.