कोल्हापूरला स्वतःचा ‘सवाई’ हवा, की आहे ती बैठकच बरी?

रंकाळावेस

डिसेंबर आला की आमच्याकडच्या गाणंवेड्यांची एकच गडबड. रजा टाकायची, पुण्यातल्या मेव्हण्याकडं मुक्काम ठरवायचा, शाल-सतरंजी गाडीत टाकायची आणि ‘सवाई’, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव, गाठायचा. मीही जातो. पण ज्या गावात जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १८९५ पासून शाहू महाराज जाईपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, दरबारी गवई होते, त्या गावानं दरवर्षी दुसऱ्याच्या अंगणात जाऊन गाणं ऐकायचं हे काही पटत नाही. ठरल्या तारखेचा, तिकीट लावून होणारा, खाँसाहेबांच्या नावाचा मोठा महोत्सव कोल्हापुरात हवा.

पुण्याचं वेगळं आहे म्हणू नका. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, हुबळीजवळच्या कुंदगोळचे. महोत्सव उभा करणारे भीमसेन जोशी गदगचे. गुरू १९५२ मध्ये गेले आणि १९५३ मध्ये पहिला महोत्सव झाला. भीमसेन तेव्हा ३१ वर्षांचे. पुढं रमणबागेच्या मैदानावर किती वर्षं रात्री जागल्या! २०११ मध्ये भीमसेनही गेले, मग महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. २०१८ मध्ये रमणबाग सुटली, मांडव मुकुंदनगरला गेला. मध्ये कोविडानं खंड पाडला, तरी पुन्हा पाच-पाच दिवस चालतोय. गुरू पुण्याचे नाहीत, शिष्य पुण्याचा नाही, तरी महोत्सव पुण्याचा झाला. आपल्याकडं तर अख्खं घराणं इथं वाढलं. मग अडलंय कुठं?

बैठकवाला

अडलेलं काही नाही. गरज नाही म्हणून झालेला नाही.

आपल्या गावाला गाणं ऐकायची सवय लागली ती बैठकीत. देवल क्लब ही आपली गाण्याची संस्था १८८३ ची. सवाईच्या आधी सत्तर वर्षं इथं माणसं मांडी घालून समोरासमोर गाणं ऐकत होती. आणि जयपूर-अत्रौली म्हणजे काय दहा हजारांच्या मांडवात उधळायची गायकी आहे का? तिचा सगळा कस लयीत. आकारात एक तान दुसरीत गुंफत जायची, मधे श्वास कुठं घेतला ते कळू द्यायचं नाही, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अशी यायची की पुढ्यात बसलेल्याची मान आपोआप हलावी. हे तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतं. तिसाव्या रांगेतला माणूस मोठ्या पडद्यावर गवयाच्या अंगठ्या बघत बसतो. त्यात अर्धे उठून मिसळ खायला गेलेले.

मागं एका संस्थेनं गावात ‘भव्य’ महोत्सव केला होता. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं यांत पाऊण तास गेला आणि शेवटी बुवांना निरोप आला, वेळ कमी आहे, ख्याल आवरता घ्या. मोठं केलं की हेच होतं.

तिसरीगल्ली

भावा, मुद्दा गायकीचा न्हाई, माणसांचा हाय. फुटबॉलच्या मॅचला शाहू स्टेडियम फुल्ल, कुस्तीला खासबाग फुल्ल. ख्याल ऐकायला किती येणार, खरं सांगा. गावात दोन-तीनशे कान हायत, सगळ्या कार्यक्रमाला तेच दिसतात, तेच पुढच्या रांगेत आणि तेच मध्यंतरात चहाला. त्या दोन-तीनशे लोकांच्या जिवावर पाच दिवस मांडव घालायचा म्हटलं तर तिकीट किती ठेवणार? आणि फुकट ठेवला तर पैसा कोण देणार? पुढाऱ्याकडं गेलं की स्टेजवर त्याचा फोटो अल्लादिया खाँसाहेबांपेक्षा मोठा. ते आपल्याला चालणार काय?

मिरजवाला

फुकट चालत नाही असं नाही बरं का. आमच्या मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं. तिकीट नाही, पास नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तिथं सेवा रुजू करायचे, १९३७ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या आठवणीत गाणं सुरूच राहिलं. गवय्ये तिथं हजेरी लावायला येतात. बिदागीची यादी करून त्यांना बोलवावं लागत नाही. तिकडं जालंधरला हरिवल्लभ संमेलन १८७५ पासून चालू आहे. ऐन थंडीत लोक रजया पांघरून ऐकतात.

आणि एक सांगतो. ज्या सवाईचं तुम्ही इतकं कौतुक करताय, त्याचं मूळ आमच्याकडं. सवाई गंधर्वांचे गुरू कोण, तर अब्दुल करीम खाँसाहेब. म्हणजे पुण्याच्या मांडवात आजोबा मिरजेचे आहेत. आणि आमच्याकडं नुसती आठवण नाही, तंबोरेसुद्धा आहेत. मंगळवेढ्याकडचा भोपळा, मिरजेची कारागिरी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूरनं उगाच वेगळी चूल मांडण्यापेक्षा पन्नास किलोमीटरवर या की.

रंकाळावेस

@मिरजवाला, येतोच की. पण मिरजेचं किराणा, आमचं जयपूर. एका भागात दोन घराणी नांदली, हे आपलं भाग्य. म्हणून एकानं गायचं आणि दुसऱ्यानं नुसतं टाळ्या वाजवायला यायचं असं कसं?

@बैठकवाला, तुमचा ‘तिसऱ्या रांगेचा’ मुद्दा ऐकायला छान आहे, पण घटना तसं सांगत नाहीत. मल्लिकार्जुन मन्सूर आधी अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँसाहेबांचे आणि १९३७ मध्ये ते गेल्यावर त्यांचे भाऊ भूर्जी खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे अस्सल आपल्या घरातले. ते सवाईत गायले. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर, त्यांच्या मुलीनं, किशोरीताई आमोणकरांनी, तर तो मांडव अनेकदा गाजवला. हजारो लोकांसमोर हीच गायकी झाली आणि लोक जागचे हलले नाहीत.

बैठकवाला

मन्सूर आणि किशोरीताई यांची नावं घेऊन नियम सिद्ध करायचा नसतो, साहेब. ते अपवाद. मन्सूरबुवा बसस्टँडवर गायले असते तरी गर्दी हलली नसती. बाकीच्यांचं काय होतं ते बघा. महोत्सवात प्रत्येकाला तास-सव्वा तास. त्यात कलाकार जोखीम घेत नाही. यमन, पुरिया धनाश्री, मारूबिहाग, शेवटी एक भजन आणि तीन वेळा टाळ्या. आपल्या घराण्याची इस्टेट म्हणजे अनवट, क्वचित कानावर पडणारे राग. खोकर, बसंती केदार, सावनी नट, खट, संपूर्ण मालकंस. कोण गाणार खोकर दहा हजार लोकांपुढं? आयोजकच सांगतो, ‘बुवा, जरा ओळखीचं घ्या.’ मग अल्लादिया खाँसाहेबांच्या नावानं भरणाऱ्या महोत्सवात त्यांचीच विद्या बाहेर उभी.

पुण्यातलाकोल्हापूरकर

मी पुण्यात राहून बरेच सवाई बघितलेत, म्हणून थोडं. लोक ‘जुना सवाई’ म्हणून उसासे टाकतात ते रात्रभराच्या मैफलींसाठी. पहाटे शेवटी भीमसेनजी बसायचे, बाहेर उजाडत असायचं. ते गेलं ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळं. २००० सालचे नियम, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, एवढीच फट.

त्यानं नुकसान झालंच. दरबारी, मालकंस, अडाणा ज्या वेळचे त्या वेळी ऐकायचे म्हटले तर आता घाईघाई. पण एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. कार्यक्रम दुपारी सुरू व्हायला लागल्यापासून सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी, मारवा, श्री यांना मोठ्या मंचावर जागा मिळाली. रात्रभराच्या जमान्यात हे राग जवळजवळ बेदखल होते. नियमानं एक दार बंद केलं, दुसरं उघडलं.

दुसरं, खाण्याच्या स्टॉलवरनं टोमणे मारू नका. पाच दिवस दुपारपासून रात्रीपर्यंत बसायचं तर पोटाला लागतंच. खरा त्रास वेगळा आहे. पुढं भारतीय बैठकीत जागा धरायला लोक सतरंज्या पसरून निघून जातात, आणि गवई आलाप मांडत असताना परत येऊन स्वतःची सतरंजी शोधत बसतात. आलापीला फोनचे दिवे इकडनं तिकडं फिरत असतात. कोल्हापूरला करायचंच झालं तर पहिल्या दिवसापासून क्रमांकाच्या जागा ठेवा.

खासबागवाला

जागा जागा म्हणताय, जागा आहे कुठं? केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती! शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली वास्तू. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभं राहून लोक रडत होते, मी तिथं होतो. ते पूर्ण ताकदीनं उभं राहीपर्यंत शाहू स्मारक भवन सोडलं तर ढंगाचं सभागृह नाही, आणि तिथं महोत्सव मावणार नाही.

माझा प्रस्ताव ऐका. खासबाग. १९१२ चं मैदान, मधे कुस्तीच्या मातीचा हौदा, भोवती उतरत्या पायऱ्या. कुस्ती बघताना शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही पैलवानाचा दंड दिसतो. गवई का दिसणार नाही? हौद्यावर फळ्या टाकून मंच केला की चारी बाजूंनी श्रोते. बैठकवाल्यांची तिसरी रांगच सगळ्यांना मिळेल.

तिसरीगल्ली

खासबागेत गाणं! नाद खुळा. पण हौद्यावर फळ्या टाकू देतील काय पैलवान? त्या मातीत पाय ठेवायच्या आधी पोरं कपाळाला माती लावतात.

आणि चौफेर मंच म्हणजे निम्म्या लोकांना गवयाची पाठ. तंबोरेवाले कुठं बसणार, तबला कुठल्या बाजूला? ध्वनिक्षेपकाचं गणित पण अवघड, उघड्या मैदानात आवाज उडतो. पायऱ्यांच्या एकाच अंगाला माणसं बसवा म्हणजे जमंल.

सातवीपट्टी

मी गाणं शिकते, बिंदू चौकातून क्लासला जाते. काका लोकांचं सगळं वाचलं. पण जी मुलं आज शिकतात, त्यांच्यासाठी महोत्सव हवा की नको, ते कुणीच विचारलं नाही.

आमच्या बाई शिकवतात ते सोनंच. पण संपूर्ण मालकंसात, एरवी मालकंसात नसणारे रिषभ आणि पंचम घेऊनही मालकंस मोडत नाही, हे समोर बसून कुणाच्या तोंडून ऐकायची संधी मला कधी मिळाली नाही. फोनवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणात खरखर इतकी की पंचमाला गुरूनं नेमका किती स्पर्श केला ते पुन्हा पुन्हा मागं नेऊन ऐकावं लागतं. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, असं अभिमानानं सांगतो ना आपण? लहानपणी काही महिने कोल्हापुरात शिकलेल्या बाईंचा आवाज सूर्यमालेबाहेर पोचला आणि इथल्या मुलीला ती विद्या समोरासमोर ऐकायला पुण्या-मुंबईला जावं लागतं.

बैठकीत या म्हणता, येते की. पण बैठकीची बातमी कळते कुठं? ओळखीच्या ओळखीनं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना कार्यक्रम होऊन गेल्यावर कळतं.

बैठकवाला

@सातवीपट्टी, बाळ, बातमी कळत नाही हा दोष खरा आणि तो आम्हा जुन्या मंडळींचाच आहे. पण त्याला औषध मांडव नव्हे. महिन्याला एक बैठक, दीडशे माणसं, एकच कलाकार, तीन तास, वेळेचं बंधन नाही, आणि शिकणाऱ्या मुलांना पुढची जागा फुकट. वर्षाला बारा. माझा सगळा विरोध ‘मोठ्या’ला आहे, ‘दरवर्षी’ला नाही.

रंकाळावेस

बारा बैठका म्हणजे बारा वेळा वर्गणी मागणं. लोक एकदा देतात, बारा वेळा तोंड चुकवतात. सवाईचा जोर तारखेत आहे. डिसेंबर म्हटलं की श्रोता, कलाकार, पैसेवाला, तिघांनाही आधीच माहीत असतं. शिवाय एक माणूस, भीमसेन, तिथं सगळ्यांना फोन करत होता, आणि तो स्वतः शेवटी गात होता. त्याला ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. आपल्याकडं घराणं आहे, जागा कशीबशी आहे, श्रोतेही आहेत. असा गवई नाही. १९२२ नंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि घराण्याचा मोठा दरबार तिकडंच भरला, हे माझं खरं दुखणं.

तरी तीन दिवस, जानेवारीत. दुपारी चारला सुरू, साडेनवाला संपवायचं. रोज दोनच कलाकार, प्रत्येकाला दोन तासांहून अधिक, आणि आधी अर्धा तास गावातल्या शिकणाऱ्या मुलांचा. निमंत्रणाच्या पत्रातच लिहायचं, एक अनवट राग सक्तीचा.

तिसरीगल्ली

सक्ती केल्यावर गवई येतोय होय! पण साडेनवाला संपवणार हे झकास. नियमाची सूट मागायला सरकारदरबारी जायला नको. तशीही ती पंधरा दिवसांची सूट गणपती-नवरात्रातच संपते, शेवटचा दिवस डॉल्बीवाल्यांनी नेलेला असतो.

जानेवारीत फुटबॉलचा हंगाम असतो, तेवढं बघा. शिवाजी तरुण विरुद्ध पाटाकडील अशी मॅच असली तर चारला तुमच्या मांडवात फक्त मुलांचे पालक असतील.

बैठकवाला

रोज दोनच कलाकार आणि दोन तास? मग तुम्ही बैठकच करताय, नुसतं नाव महोत्सवाचं. किती खुर्च्या ते सांगा. पाचशेच्या आत असेल तर माझी वर्गणी धरा. हजार म्हणालात तर मी देवल क्लबच्या जिन्यावर बसलेला बरा.

रंकाळावेस

आठशे.

बैठकवाला

सहाशे. आणि पहिल्या तीन रांगांत पाहुणे नाहीत, मुलं.