नोकरी शोधताना पुन्हा भेटलेले जुने संगणक खेळ

नोकरी सुटून सात महिने झाले. सकाळी अर्ज पाठवायचे आणि दिवसभर उत्तराची वाट पाहायची, असे चालू असताना एके दिवशी डॉसबॉक्स (जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) उतरवून घेतले आणि १९८९ सालचा प्रिन्स ऑफ पर्शिया पुन्हा सुरू केला. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचायचे आणि वाटेत कितीही वेळा मेलो तरी घड्याळ थांबणार नाही, हा नियम शाळेत असताना जुलमी वाटायचा. आता मात्र मुदत आधीच सांगितलेली असते, याचेच अप्रूप वाटते. (मुलाखतीनंतर ‘कळवतो’ म्हणणारे कधी कळवणार, हे कोणी सांगत नाही.) शेवटाकडे राजपुत्राची सावली तलवार उपसून समोर येते. तिच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत गेले, की ती आपल्यात मिसळून जाते. ही युक्ती लहानपणी भावाने सांगितली होती आणि परवा बोटे आपोआप त्याच कळीवर गेली. नोकरी शोधण्याच्या काळात तुम्हांला कोणता खेळ आठवला आणि तो खेळून बरे वाटले की अपराधी, हे जरूर लिहावे.

•

माझा खेळ फ्रीसेल, म्हणजे संगणकावर एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव. विंडोज ९५बरोबर आलेल्या फ्रीसेलमध्ये ३२,००० क्रमांकित डाव होते आणि त्यांपैकी फक्त ११९८२ क्रमांकाचा डाव सुटत नाही. हे ठाऊक असल्यामुळे डाव अडला की पत्त्यांना दोष देता येत नाही. मागे जाऊन आपली चूक शोधावी लागते. नोकरीच्या बाबतीत हीच सवय मला नडली. प्रत्येक नकारानंतर मी अर्जातला शब्द न् शब्द तपासत बसायचो. एका जागेसाठी तर चार फेऱ्या दिल्या आणि तिथला माणूस आधीच ठरलेला होता, हे नंतर बाहेरून कळले. त्या संध्याकाळी मी मुद्दाम ११९८२ लावला आणि दोन तास खेळलो.

•

मी माइनस्वीपर खेळतो, म्हणजे लपलेले सुरुंग टाळत एकेक चौकोन उघडत जायचे. सर्वांत अवघड पातळीवर ४८० चौकोनांत ९९ सुरुंग असतात आणि कधीकधी शेवटच्या दोन चौकोनांपाशी तर्क संपून केवळ अंदाज उरतो. मला तेवढाच भाग आवडतो.

•

बारा वर्षे घरी राहून मी पुन्हा काम शोधते आहे. पूर्वी कार्यालयात माउस हाताळायला शिकले ते सॉलिटेअरवर, कारण पत्ता धरून ओढत न्यायचा आणि नेमक्या जागी सोडायचा, याहून चांगला सराव नव्हता. आता अर्जात ‘संगणक कौशल्ये’ या रकान्यापाशी हात थबकतो. मुलाने जुना सॉलिटेअर शोधून दिला. डाव सुटल्यावर पत्ते उड्या मारत खाली घरंगळू लागले, तेव्हा मी कोणाला तरी हाक मारणार होते, पण घरात कोणी नव्हते.

•

माझा सूर थोडा वेगळा आहे. एज ऑफ एम्पायर्स या युद्धाच्या खेळातला पुजारी शत्रूचा सैनिक आपल्या बाजूला वळवताना म्हणतो ते ‘वोलोलो’ ऐकताच पंचवीस वर्षे गळून पडली, हे खरे. पण त्याच नादात पहाटे तीनपर्यंत जागलो आणि सकाळची मुलाखत अर्धवट झोपेत दिली. प्रश्न काय होते, तेही आता आठवत नाही. खेळ काढून टाकलेला नाही. मात्र मुलाखतीच्या आदल्या रात्री लॅपटॉप बहिणीच्या खोलीत असतो.