उडती तबकडी पाहिलीये? फॉर्मात सांगा (अनुभव धागा)

गेले दोन आठवडे रात्री जागून ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाच्या उडत्या तबकड्यांच्या फाइली वाचतेय. साध्यासुध्या लोकांनी फोन करून, पत्रं लिहून जे कळवलं ते सगळं यांनी जपून ठेवलेलं, आणि २००८ ते २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्ह्जने खुलं केलं. मला वाटलं काहीतरी भन्नाट निघेल, पण खरी मजा त्यांच्या फॉर्मात आहे. किती वेळ दिसलं, तुम्ही घरात होता की बाहेर, उभे की चालत्या गाडीत, नुसत्या डोळ्यांनी की दुर्बिणीतून, किती अंशावर, जवळ हाय टेन्शनच्या तारा किंवा तळं आहे का. परग्रहावरून पाहुणे आले तरी आधी रकाने भरा! तर तुम्हीही असंच सांगा, नुसतं "काहीतरी चमकलं" चालणार नाही.

*

लेस्टरजवळ राहायचो तेव्हा, २००९ चा उन्हाळा. बाहेर, उभा, हातात कचऱ्याची पिशवी. सात-आठ नारिंगी दिवे एका रांगेत, आवाज शून्य, तीनेक मिनिटं. मी फोन शोधतोय तर बायको म्हणाली कुणाचं तरी लग्न असेल, आणि सकाळी कुंपणाला तार आणि जळका कागद, म्हणजे आपला आकाशकंदीलच पण उडणारा. त्या वर्षी ६४३ नोंदी आल्या म्हणे, आदल्या वर्षी २०८ होत्या, आणि १ डिसेंबरपासून मंत्रालयाने या नोंदी घेणारं टेबलच बंद केलं. पन्नासेक वर्षांत देशाला धोका असं एकातही सापडलं नाही म्हणून. कळवलं असतं तर आज मीही फाइलीत असतो, नावावर काळी पट्टी मारून.

*

आमचं नागपूर. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, पावणेआठच्या सुमारास. गच्चीवर होतो, मले वाटलं इमान जळून राह्यलं, लांब शेपट्या, आई खालून म्हणे काऊन बोंबलून राह्यला बे. दिशा विचाराल तर मी म्हणतो उत्तर, भाऊ म्हणतो पश्चिम, अजून भांडण चालू आहे. मग कळलं चंद्रपूरकडं सिंदेवाहीजवळ लाडबोरीत धातूची मोठी रिंग पडली, रॉकेटचा तुकडा.

*

आम्ही ओहायोत डेटनला असतो, अमेरिकन हवाई दलाचं प्रोजेक्ट ब्लू बुक, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासायचं काम, इथल्याच राइट-पॅटरसन तळावरून चालायचं, १९६९ ला गुंडाळलं. १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ चा उलगडा नाही. स्वतःला काही दिसलं नाही, डास सोडून.

*

वरच्या ताईंना, ते ७०१ सांगितले की लोक लगेच म्हणतात माहिती कमी असेल. तसं नाहीये, अपुऱ्या माहितीचा गट वेगळाच होता, हे ७०१ त्याच्या बाहेरचे. एलियन म्हणत नाहीये मी, उगाच अंगावर येऊ नका.

*

देवगड, १९८७, मी नऊ वर्षांचा. खळ्यात, चटईवर, आजोबांशेजारी. समुद्रावर पांढरा गोळा, थांबला, मग सरळ वर गेला. वेळ, आजोबांची एक विडी संपेपर्यंत. तारा नाहीत, तेव्हा वीजच नव्हती वाडीत. तळं नाही, अख्खा समुद्र आहे, चालेल का? अंश माहीत नाही. मे महिन्यात गावी जाईन तेव्हा खळ्यात आडवा पडून मोजतो, माडाच्या शेंड्याच्या जरा वर होता एवढं पक्कं आठवतंय, पण माडही आता वाढला असेल.