‘गुन’ला मराठीत काय म्हणावे : जिल्हा, तालुका की तर्फ?

प्रश्न : जपानच्या चिबा प्रांतातील ‘हिगाशि-कात्सुशिका-गुन’ या नावाचा एका अनुवादात ‘पूर्व कात्सुशिका जिल्हा’ असा उल्लेख असून, ‘हा ग्रामीण जिल्हा २००५ साली विसर्जित करण्यात आला’ असे वाक्य त्यात आले आहे. ‘जिल्हा’ आणि ‘विसर्जित’ हे शब्द येथे योग्य आहेत काय?

उत्तर : दोन्ही शब्द बदलावेत, असे माझे मत आहे. ‘जिल्हा’ हा इंग्रजी ‘डिस्ट्रिक्ट’वरून डोळे झाकून उचललेला दिसतो. जपानमध्ये केंद्र सरकारच्या खालोखाल ‘केन’, म्हणजे प्रांत, येतो. त्याच्या पोटात गुन, आणि गुनच्या पोटात ‘चो’ म्हणजे नगर व ‘सोन’ म्हणजे गाव. या उतरंडीत गुनची जागा आपल्या तालुक्याची आहे. आठव्या शतकातल्या दप्तरांतही आढळणाऱ्या कात्सुशिका गुनचे १८७८-७९ मध्ये पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर आणि मध्य असे पाच भाग होऊन ते चार प्रांतांत विभागले गेले. त्यांपैकी एदो नदीच्या पूर्वेकडील भाग, म्हणजेच हिगाशि-कात्सुशिका, चिबाकडे आला. त्याची कचेरी मात्सुदो येथे होती आणि तिचा प्रमुख ‘गुनचो’ हा सरकारने नेमलेला अधिकारी असे, म्हणून त्याला मामलेदार म्हटले तरी फारसे बिघडणार नाही. १८९० च्या कायद्याने गुनला सभाही मिळाली, परंतु रहिवाशांवर थेट कर बसवण्याचा अधिकार मिळाला नाही आणि खर्चाचा भार नगरांवर व गावांवरच वाटला जात असे. असा मधला थर हवाच कशाला, हा वाद त्यातूनच वाढला. हारा ताकाशी गृहमंत्री असताना मांडलेले रद्दीकरणाचे विधेयक १९०७ मध्ये वरिष्ठ सभागृहाने फेटाळले. तेच पंतप्रधान असताना १९२१ मध्ये ते संमत झाले. त्यानुसार १९२३ मध्ये गुनसभा गेल्या आणि १९२६ मध्ये कचेऱ्याही बंद झाल्या.

येथपर्यंत ‘तालुका’ बिनदिक्कत चालतो. यापुढे मात्र तो दिशाभूल करतो, कारण कचेरी, अधिकारी आणि सभा यांपैकी काहीही नसलेला तालुका मराठी वाचकाच्या कल्पनेत बसत नाही. १९२६ नंतर गुन उरला तो पत्त्यापुरता. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘तर्फ’, म्हणजे जुन्या महसूलव्यवस्थेतला गावांचा गट, हा आहे. पुणे जिल्ह्यात पिंपळगाव तर्फे खेड आणि पिंपळगाव तर्फे महाळुंगे अशी गावांची नावे आजही लिहिली जातात. तर्फेचा कारभार कधीच संपला, पण कोणते पिंपळगाव हे सांगण्याचे काम ती अजून करते. तरीही मुख्य मजकुरात ‘गुन’ हाच शब्द ठेवून ‘तर्फ’ स्पष्टीकरणापुरता वापरावा, कारण तर्फ हा परगण्याचा पोटभाग असल्याने त्याच्याबरोबर मराठेशाहीची सगळी महसूलव्यवस्था नको तिथे डोकावू लागते.

आता ‘विसर्जित’विषयी. विसर्जन कोणीतरी करावे लागते. विधानसभा विसर्जित होते ती आदेशाने. १९२३ मधील गुनसभांबाबत ‘बरखास्त’ हा शब्द शोभेल, परंतु २००५ मध्ये घडले ते वेगळे होते. जपानी नियमानुसार शहराचा दर्जा मिळालेली वस्ती गुनच्या बाहेर पडते. इचिकावा १९३४ मध्ये, फुनाबाशी १९३७ मध्ये, मात्सुदो १९४३ मध्ये आणि काशिवा १९५४ मध्ये बाहेर पडले. उरायासु १९८१ मध्ये शहर झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तेथे डिस्नेलँड उघडले. विलीनीकरणाच्या अलीकडच्या लाटेत सेकियादो २००३ मध्ये नोदा शहरात गेले, आणि उरलेले शोनान हे एकमेव नगर २८ मार्च २००५ रोजी काशिवा शहरात मिसळले. गुनमध्ये कोणीच न उरल्यामुळे तो नाहीसा झाला. जपानी लेखनातही अशा वेळी ‘नैसर्गिक लोप’ या अर्थाचाच शब्द योजतात. म्हणून ‘गुन लोप पावला’ किंवा ‘संपुष्टात आला’ असे लिहावे.

पुरवणी प्रश्न : मग ‘ग्रामीण’ हे विशेषण तरी ठेवावे काय?

उत्तर : नियमाच्या अर्थाने ते खरे आहे, कारण गुनमध्ये शहरे नसतातच, परंतु वाचक त्यावरून शेतशिवार समजेल, आणि टोकियोच्या वेशीवरचा हा पट्टा तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने उपनगर होत गेला होता. त्यामुळे ‘ग्रामीण’ गाळून ‘शहरांबाहेरील नगरांचा व गावांचा गट’ असे एकदा स्पष्ट करावे. शिवाय ‘कात्सुशिका संपले’ असे मोघम लिहू नये. सुगितो आणि मात्सुबुशी ही दोन नगरे असलेला किता-कात्सुशिका, म्हणजे उत्तरेकडील गुन, सायतामा प्रांतात अद्याप आहे.