बियाफ्रा, १९६८-७०: चर्चच्या रात्रीच्या विमानांनी मुलं वाचवली की युद्ध लांबवलं?

रानवाट

युद्धात सापडलेल्या कुटुंबांसाठी ख्रिस्ती संस्थांनी काय केलं, असा विषय निघाला की बियाफ्राचं नाव अभिमानाने घेतलं जातं. मला ते उदाहरण अडचणीचं वाटतं, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. मे १९६७ मध्ये नायजेरियाचा पूर्व भाग बियाफ्रा म्हणून वेगळा झाला आणि जुलैत युद्ध पेटलं. मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट पडलं, समुद्राशी संबंध तुटला आणि आत उपासमार सुरू झाली. कॅथलिक कारितास आणि प्रोटेस्टंट संस्थांनी मिळून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साओ टोमे बेटावरून उली नावाच्या धावपट्टीवर रात्री धान्य उतरवलं. संयुक्त संस्थेचं नाव जॉइंट चर्च एड. आद्याक्षरांवरून वैमानिक तिला गमतीने ‘जीझस ख्राइस्ट एअरलाइन्स’ म्हणत. युद्ध संपेपर्यंत ५,३०० च्या वर फेऱ्या आणि सुमारे ६०,००० टन माल. काम अफाट, त्याबद्दल वाद नाही.

पण सुरुवातीला या संस्थांनी शस्त्रं वाहणाऱ्याच विमानांत जागा विकत घेतली होती. पुढे स्वतःची विमानं आली, तरी उलीवर शस्त्रांची विमानं त्याच अंधारात उतरत राहिली. आतल्या खर्चासाठी संस्था युरोपात परकीय चलन भरून बियाफ्रन पौंड घेत. ते चलन बियाफ्राचे प्रमुख ओजुक्वू यांच्या सरकारच्या हाती पडे, आणि त्यातून काय विकत घेतलं जात असेल हे सांगायला नको. नायजेरियाने खुश्कीचा मार्ग देऊ केला तर तो बियाफ्राने नाकारला. नाकारणं परवडलं, कारण वरून चर्चचं धान्य येत होतं.

मीठभाकर

असहमत. आधी पोटाचा हिशोब करू.

त्या भागाचं मुख्य अन्न कसावा आणि याम. कसाव्यात प्रथिनं जेमतेम एक-दोन टक्के. प्रथिनं येत ती उत्तरेकडच्या गुरांतून आणि नॉर्वेहून येणाऱ्या वाळवलेल्या कॉड माशातून. दोन्ही वाटा बंद झाल्या. पोट कसाव्याने भरलेलं आणि तरी मूल सुजलेलं, केस तांबूस, कातडी सोलवटलेली: हा क्वाशिओरकोर, कुपोषणाचा आजार. दुप्पट कसावा खाऊ घातला तरी तो हटत नाही.

त्या वाळक्या माशात प्रथिनं पाऊणशे टक्क्यांच्या वर असतात, बर्फ लागत नाही, गोणीत मावतो. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे २० ग्रॅम मासा पुरतो. एका टनात ५०,००० मुलांचा एक दिवस. दहा टनांच्या एका फेरीत पाच लाख. (मासा कुटून सूपात घालावा लागतो, नाहीतर लहान मूल तो खाऊ शकत नाही.) म्हणून ‘६०,००० टन’ हा आकडा तांदळाच्या टनांसारखा वाचू नका.

फार आजारी मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना मासा दिला तर ती दगावतात. युनिसेफचं मिश्रण आलं ते याचसाठी: वजनाने ३ भाग कॅल्शियम केसिनेट (दुधातलं प्रथिन), ५ भाग साय काढलेल्या दुधाची पावडर, १० भाग साखर. तेल जागेवर मिसळायचं, कारण आधीच घातलं तर उष्णतेत खवट होतं. पातळ करून, दर दोन-तीन तासांनी, थोडंथोडं. भूक लागली म्हणून एकदम भरपूर दिलं की हृदय थकतं. मिठाचाही पेच होता. बियाफ्रात मीठ दुर्मीळ, मोठ्यांना ते हवंच. पण सुजलेल्या मुलाला मीठ घातक. म्हणजे एकाच विमानातून उतरलेली मिठाची गोणी एका रांगेत औषध आणि दुसऱ्या रांगेत विष. हे कळणारी नर्स मिशनच्या दवाखान्यातच होती. पाद्री आणि जोगिणी (नन) तिथे कितीतरी वर्षं राहत होत्या, म्हणून वाटप झालं. वाटपाची माणसं जमिनीवर नसती तर विमानं उडवून काय उपयोग?

तिसरा प्रहर

मीठभाकर, पोषणाचं सगळं मान्य. पण रानवाट यांचा धावपट्टीचा मुद्दा तुम्ही सोडून दिलात.

उली म्हणजे रुंद केलेला रस्ता, लांबी सुमारे १,८०० मीटर, रुंदी अवघी २३. जॉइंट चर्च एडच्या सी-९७ विमानाच्या पंखांचा पसारा ४३ मीटर, म्हणजे पंख दोन्ही बाजूंना झाडीवर. दिवे लावायचे ते विमान अगदी टेकताना, काही सेकंद. वर नायजेरियाचं बॉम्बफेकी विमान घिरट्या घालत असे. दिवे दिसले की बॉम्ब. उतरलं की माल हातांनीच खाली, आणि उजाडायच्या आत ट्रक पांगलेले. अंधारात वरच्याला शस्त्रांचं विमान कुठलं, दुधाचं कुठलं, हे कळत नव्हतं, आणि बियाफ्राला तेच हवं होतं. दिवसा उड्डाणं झाली असती तर ओळख पटली असती आणि फेऱ्याही वाढल्या असत्या. सप्टेंबर १९६९ मध्ये रेड क्रॉसने लागोसशी, म्हणजे नायजेरियाच्या सरकारशी, दिवसाच्या उड्डाणांचा करार केला. बियाफ्राने तो धुडकावला.

आणि खुश्कीचं गणित बघा. दहा टनांचे पन्नास ट्रक म्हणजे रोज ५०० टन. ऐन भरातही उलीची सरासरी रात्र त्याच्या निम्म्यावर असायची.

कलम आणि कागद

कायद्याची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २३ पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणींसाठी अन्न जाऊ द्यायला सांगतं. पण माल भलतीकडे वळण्याची किंवा शत्रूला फायदा होण्याची गंभीर शंका असेल, तर अडवायची मुभाही देतं. लागोसने ही मुभा पुरेपूर वापरली. उपासमार हे युद्धाचं हत्यार करण्यावर स्पष्ट बंदी आली ती १९७७ च्या पूरक करारांत (प्रोटोकॉल). त्यामुळे ‘चर्चने कायदा मोडला’ म्हणणाऱ्यांनी तेव्हाचा कायदा किती अपुरा होता तेही सांगावं.

आडगावचा

श्रद्धेचा मुद्दा सगळेच टाळताहेत. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात जखमी माणूस कोणत्या पक्षाचा, हे विचारलेलंच नाही. रोमकरांस पत्रात तर शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या, असं आहे. बियाफ्राचा प्रचार ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान असा रंगवला गेला, जिनिव्हातल्या एका प्रसिद्धी-कंपनीमार्फत जगभर गेला, आणि कित्येक चर्चनी तो तसाच उचलला. समोरचे, म्हणजे नायजेरियाचे प्रमुख, गोवॉन स्वतः मिशनऱ्याच्या घरातले ख्रिस्ती होते!

माझ्या मते क्वेकरांचं (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथ) वागणं अधिक सरळ. दोन्ही बाजूंना पथकं, शिवाय गोवॉन आणि ओजुक्वू यांच्याकडे मध्यस्थीसाठी खेपा. त्यांनी तिथे वापरलेली काठी पोषणाच्या अभ्यासकांना आजही माहीत आहे. काठीवर उंचीच्या जागी त्या उंचीला किमान किती दंडघेर (दंडाचा घेर) हवा ते लिहिलेलं. आधी दंड मोजायचा, मग मूल काठीला टेकवायचं. स्वतःच्या दंडघेराच्या खुणेपेक्षा मूल उंच भरलं तर ते कुपोषित. वजनकाटा नको, जन्मतारीख नको. आपल्या अंगणवाडीतली रंगीत पट्टी आणि तिची ११.५ सेंटिमीटरची रेघ याच कुळातली. या काठीने मूल कुठल्या बाजूचं ते कळत नाही, फक्त किती उपाशी ते कळतं.

रानवाट

आडगावचा, अगदी माझ्या मनातलं. मीठभाकर, जमिनीवरची माणसं हा तुमचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता.

तरी फॉन रोझेनकडे बघा. ऑगस्ट १९६८ मध्ये हा स्वीडिश वैमानिक मदतीचं विमान झाडांच्या शेंड्यांलगत उडवून उलीला नेतो आणि चर्चच्या फेऱ्यांना वाट दाखवतो. मे १९६९ मध्ये तोच माणूस छोट्या विमानांना रॉकेटं लावून नायजेरियाच्या विमानतळांवर हल्ले करतो. त्यानंतर दोन आठवड्यांत, ५ जूनला, नायजेरियाच्या मिग लढाऊ विमानाने मदतीचं विमान पाडलं. सरहद्द इतकी पातळ होती.

मीठभाकर

आणि ते पाडलेलं विमान कोणाचं होतं? रेड क्रॉसचं. जी संस्था दोन्ही सरकारांची परवानगी मागत बसली होती, तिचं. त्याआधी जानेवारीत, तिची विमानं जिथून उडत त्या फर्नांडो पो बेटावरच्या नव्या सरकारने डिझेल न्यायला मनाई केली म्हणून तिच्या फेऱ्या थांबल्या होत्या. डिझेल नाही तर उलीवरचा ट्रक हलत नाही, धान्य धावपट्टीच्या कडेला पडून राहतं. पण त्याच डिझेलवर लष्करी ट्रकही चालतो. सांगा, अशा वेळी निर्मळ परवानगी कुठून आणायची? जूननंतर रेड क्रॉसची विमानं थांबली, चर्चची पुन्हा उडाली.

खुश्कीच्या मार्गाबद्दल बियाफ्रावरचा आरोप मला मान्य आहे. ट्रकच्या मागून रणगाडे येतील ही भीती खरी धरली, तरी तो हट्ट मुलांच्या जिवावर होता. पण तो हट्ट ओजुक्वूंचा. उद्यापासून विमानं बंद केली असती तर ओजुक्वू नमले असते, हे गृहीत धरायला तुमच्याकडे काय आधार आहे?

तिसरा प्रहर

आधार नाही, मान्य. पण किंमत कोणी मोजली तेही लिहा. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपलं तेव्हा गोवॉननी बियाफ्राला साथ देणाऱ्या संस्थांची मदत सरळ नाकारली. साओ टोमेच्या गोदामांत धान्य तसंच राहिलं. आतल्या मिशनऱ्यांवर बेकायदा प्रवेशाचे खटले चालवून त्यांना देशाबाहेर काढलं. मीठ कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे कळणाऱ्या तुमच्या त्या नर्सा, सगळ्यात जास्त हव्या होत्या त्याच महिन्यांत तिथे नव्हत्या.